हातचा

गणिताचे आणि माझे कधी जमले नाही, ही गोष्ट मी गेली वीस वर्षे वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाने असे सांगावे, अशी जणू एक रूढीच आहे. त्यामुळे मुले खूश होतात, आणि आपल्या रसिकतेला आणखी वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. नववीत बीजगणितात मला शंभरांपैकी पस्तीस मार्क मिळाले होते आणि त्यांतले चार तपासनिसांच्या दयेचे होते, हे वाक्य मी दर जूनमध्ये उच्चारतो आणि दर जूनमध्ये त्याला हशा मिळतो.

या विनोदाच्या पोटात मात्र एक गोष्ट मी दडवून ठेवली होती. ती गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर आली. कुठून म्हणाल, तर स्वयंपाकघरातल्या फळीवरून, चकलीच्या डब्याखालून.

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आमच्या घरातला एक लष्करी कार्यक्रम असतो. सौ. सेनापती, मी आणि आमची मुक्ता हे दोन साधे शिपाई. मुक्ता आठवीत आहे. स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवरचे डबे एकेक करून माझ्या हाती दिले आणि फळीवर अंथरलेला जुना कागद ओढून काढला. तो खाली टाकणार, तोच थांबली.

"बाबा, हे बघ ना! केवढा मोठा आकडा!"

(मी माझ्या वडिलांना अहोजाहो करतो आणि माझी मुलगी मला अरेतुरे करते. एका पिढीत एवढा फरक पडायचाच.)

मी कागद हाती घेतला. लांब हिशेबवहीचे रेघांचे पान होते ते. एका कोपऱ्यावर हळदीचा डाग, दुसऱ्यावर डब्याच्या बुडाचे तेलकट कडे. वर निळ्या शाईत, मोत्यांच्या सरीसारखे लिहिले होते:

१२३४५६७८९८७६५४३२१

हात अण्णांचा होता. खाली दोनतीन ओळी आकडेमोड होती, आणि सगळ्यांत शेवटी दोनच शब्द: 'जनक कोण?' त्यापुढे पान कोरे होते.

मी तसाच ओट्याला टेकून उभा राहिलो. बाहेरच्या खोलीत अण्णा रेडिओ ऐकत बसले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. परळच्या एका कापडगिरणीत ते हिशेबनीस होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्या संपातून अण्णांची गिरणी काही पुन्हा उभी राहिली नाही. पुढे भायखळ्याकडच्या एका लाकडाच्या वखारीत ते जमाखर्च लिहू लागले, ते थेट म्हातारपणापर्यंत. दिवसभर दुसऱ्याच्या पैशांचे आकडे; आणि सकाळ-संध्याकाळ डोंबिवलीच्या लोकलमध्ये स्वतःचे. गाडीत कोणी पत्ते खेळत, कोणी भजने म्हणत. अण्णा बसायला मिळाले तर मांडीवर वही घेत, आणि उभे राहावे लागले तर तोंडाने हिशेब करीत. शेजारच्याला वाटे, गृहस्थ रामरक्षा म्हणत आहेत.

लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटे. इतरांचे वडील मुलांना गोष्टी सांगत. माझे वडील बसच्या तिकिटावरचा नंबर दाखवून, "याला सातानं भाग जातो बघ," म्हणत. घरी माझा मित्र आला, की ते त्याचे नाव विचारण्याआधी त्याच्या बिऱ्हाडाचा नंबर विचारीत. या आकड्यांपासून मी जो पळत सुटलो, तो शब्दांपाशी जाऊन थांबलो. एम. ए. झालो, नोकरीला लागलो, चारचौघांत बोलू लागलो. ज्या घरात पंचांगाखेरीज छापील पुस्तक नव्हते, त्या घरातला मुलगा कॉलेजात कविता शिकवतो, याचे मला फार कौतुक होते. माझ्या मते मी माझा मीच घडलो होतो.

पण फळीवरच्या त्या संख्येची आणि माझी ओळख फार जुनी होती. मी पाचवीत असेन. पावसाळ्यातली संध्याकाळ, दिवे गेलेले. मेणबत्तीच्या उजेडात अण्णांनी पाटी घेतली आणि लिहिले: एक गुणिले एक, एक. त्याखाली अकरा गुणिले अकरा, १२१. त्याखाली १११ गुणिले १११, १२३२१.

"आता पुढचं तू सांग," ते म्हणाले.

"१२३४३२१," मी म्हणालो. गुणाकार केला नव्हता. चालीवरून ओळखले होते.

"शाब्बास. आता नऊ एके ओळीनं मांड आणि त्यांचा वर्ग कर."

तो वर्ग म्हणजे हीच सतरा अंकांची संख्या. एकापासून नवापर्यंत पायऱ्या चढत जायचे, शिखरावर क्षणभर टेकायचे आणि तसेच एकापर्यंत उतरायचे. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच. मी आनंदाने ओरडलो, "अण्णा, हे 'चिमा काय कामाची' सारखं आहे!" अण्णा मोठ्याने हसले. आज वाटते, तो माझा पहिला वाङ्मयीन अभिप्राय असावा.

"आता दहा एके घेतले तर?"

मी छाती काढून सांगितले, "नवानंतर दहा येतील आणि मग परत खाली."

"करून बघ."

करून पाहिले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला होता आणि शिखराच्या जागी दोन शून्यांचा खड्डा पडला होता. एवढी सुंदर इमारत एका जास्तीच्या एकाने ढासळली, हे पाहून मला रडूच आले.

"आठ कुठं गेला, अण्णा?"

"कुठं जाईल? हातचा आला," अण्णा म्हणाले. "मधल्या घरात दहा झाले. एका घरात दहा राहत नाहीत. शून्य ठेवून एक शेजारच्या घरी जातो. तिथं नऊ असतात, त्यांचेही दहा होतात आणि तेही एक पुढं पाठवतात. त्याच्या पुढच्या घरी आठ असतात, त्यांचे नऊ होतात आणि तिथं ही धावपळ थांबते. आठ गेला नाही, त्याच्यात मागच्याची भर पडली." मग मेणबत्तीची वात सरळ करीत ते म्हणाले, "हातचा उत्तरात दिसत नाही. म्हणून तर तो विसरायचा नसतो."

ते वाक्य मी विसरलो.

पुढे एके दिवशी अण्णा भलत्याच उत्साहात घरी आले. त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या पुडीचा कागद होता. शेंगदाणे गाडीतच संपले होते; कागद त्यांनी जपून आणला होता. तो कुठल्याशा मासिकाचा होता आणि त्यावर देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांविषयी मजकूर होता. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. पण पुढची सगळी नोकरी, १९३० पासून १९६२ पर्यंत, त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी करण्यात घालवली. सगळे संशोधन केले ते कागद, पेन्सिल आणि रिकामा वेळ एवढ्या भांडवलावर. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले, तेव्हा मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. कुठलेही चार अंक घ्या. चारही सारखे मात्र नकोत. ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा आणि येईल त्या उत्तरावर हेच पुन्हा करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. अण्णांनी संपाचे साल घेऊन पाहिले. ९८२१ मधून १२८९ गेले, उरले ८५३२. त्यातून २३५८ गेले, उरले ६१७४. "दोन पावलांत पोचलं बघ घरी," अण्णा म्हणाले. "आम्हाला नाही पोचता आलं इतक्या लवकर." संपाविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे एकच वाक्य.

पण त्या कागदात अण्णांचा खरा जीव अडकला तो दुसऱ्याच एका ओळीत. १, १२१, १२३२१ या कुळातल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' संख्या असे नाव दिले होते, आणि ते नाव होते एका रेल्वे स्टेशनाचे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर, जिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली ते स्टेशन. म्हणजे आजची आमची डोंबिवली! दुसऱ्या दिवशी अण्णांची आठ-बाराची गाडी चुकली. ती चुकण्याचा त्यांच्या आयुष्यातला तो एकमेव दिवस. प्लॅटफॉर्मवर उभे राहून ते काय पाहत होते, ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हापासून अण्णांच्या वह्यांना दिशा मिळाली. आमच्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी होते आणि त्या एक्याऐंशींनी तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी जी संख्या, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले आहे, म्हणजे आनंद देणारी. भागण्याऐवजी एक्याऐंशींनी गुणले, तर ९९९९९९९९८००००००००१ येतात; हा नऊ नवांचा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून त्यांची बेरीज करा, पुन्हा नऊ नवच हाती येतात. पंचेचाळीसचा वर्ग २०२५ आणि वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस, तसेच हे. अशा संख्यांना तर कापरेकरांचेच नाव आहे. म्हणजे मास्तरांनी वेगवेगळ्या वेळी हुडकलेल्या तीन जातींच्या संख्या या एका अंगणात शेजारी शेजारी बसलेल्या!

मग अण्णा तिचे अवयव पाडायला बसले. तीन चार वेळा, सदतीस दोनदा आणि ३३३६६७ दोनदा, एवढ्यांचा गुणाकार म्हणजे ती संख्या. पण हा ३३३६६७ स्वतः मूळ संख्या आहे की त्याच्याही पोटात कोणी आहे? ते ठरवायचे, तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायला हवा. त्या भरतात एकशे सहा. अण्णांनी एकशे सहा भागाकार केले; लोकलमध्ये, डोंबिवली ते भायखळा आणि भायखळा ते डोंबिवली. एकानेही निःशेष भाग गेला नाही. ज्या संध्याकाळी शेवटचा भागाकार झाला, त्या संध्याकाळी त्यांनी घरी जिलबी आणली. मी विचारले, "आज काय आहे?" ते म्हणाले, "आज तीन लाख तेहेतीस हजार सहाशे सदुसष्ट मूळ ठरला." मी तेव्हा दहावीत होतो. जिलबी खाल्ली आणि मित्रांना ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली.

आता ती लपवलेली गोष्ट सांगतो.

२०१४ साली आमची जुनी चाळ पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले. तीन वर्षांसाठी भाड्याच्या दोन खोल्यांत जायचे होते. अण्णा तेव्हा महिनाभर नाशिकला आत्याकडे गेले होते. सामान आवरताना पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात अण्णांच्या बावीस वह्या होत्या. मी एक उघडून पाहिली. आकडे, आकडे आणि आकडे. भाड्याच्या जागेत एवढे सामान ठेवायचे कुठे? मी रद्दीवाल्याला हाक मारली. बारा रुपये किलो भाव होता, वह्या साडेसात किलो भरल्या. नव्वद रुपये झाले; हा गुणाकार मात्र मी तोंडी केला. माझ्या स्वतःच्या व्याख्यानांच्या टिपणांची तीन खोकी होती. ती मी टेम्पोत माझ्या पायाशी ठेवून नेली.

अण्णा परत आले आणि त्यांनी विचारले, "माझी ट्रंक आली ना?"

"आली," मी म्हणालो. "पलंगाखाली आहे."

ते खोटे नव्हते. ट्रंक आली होतीच. अण्णांनी ती एकदा हाताने पुढे ओढली, परत आत सारली, आणि पुन्हा तिचे नाव काढले नाही. वहीचेही नाही. मला वाटले, वय झाले, छंद सुटला. पुढे खरोखरच त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांचा असा आजार आहे की कडेचे अंधूक दिसते आणि नेमके समोरचे दिसत नाही. तेव्हा तर मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, की आता वह्या असत्या तरी काय उपयोग होता!

आणि त्यांतलेच एक निखळलेले पान सौ.ने नव्या घरात फळीवर अंथरले होते. आठ वर्षे त्याने आमचा फराळ सांभाळला होता.

"बाबा, जनक म्हणजे काय?" मुक्ता स्टुलावरून उतरली होती.

हे मला ठाऊक होते, कारण जेवताना अण्णा ते पुष्कळदा सांगत आणि मी ऐकत नाही असे दाखवून ऐकत असे. पंधरा ही संख्या घ्या. तिच्यात तिचेच अंक, एक आणि पाच, मिळवा, एकवीस होतात. म्हणजे पंधरा हा एकविसाचा जनक. कोणाला दोन जनक असतात. एकशे एक हा एक्याण्णवापासूनही होतो आणि शंभरापासूनही. आणि काहींना जनकच नसतो. वीस घ्या; अशी कुठलीही संख्या नाही, की जिच्यात तिचे अंक मिळवून वीस होतील. अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले आहे. शंभराच्या आत त्या तेराच आहेत.

"म्हणजे आजोबांना या मोठ्या आकड्याचे बाबा शोधायचे होते," मुक्ता म्हणाली, "नाहीतर तो स्वयंभू."

मला त्या क्षणी मनातून वाटले, तो स्वयंभूच असणार. एवढी डौलदार, सर्वांगसुंदर संख्या! भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची जी नावे सांगितली आहेत, ती लावून वाचले तर हिचा पहिला एक 'मध्य' स्थानावर येतो: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म... आणखी एक पायरी चढली की परार्धच. अशीला कोणाकडून तरी जन्म घ्यायची काय गरज?

मुक्ताने मोबाइल उचलला, आणि का कोण जाणे, परत ठेवला. पेन्सिल घेतली. पानाच्या कोऱ्या भागावर ती काहीतरी मांडू लागली.

"हे बघ, बाबा. सतरा अंक आहेत. सगळे नऊ असले तरी बेरीज एकशे त्रेपन्नाच्या वर जात नाही. म्हणजे जनक आपल्या आकड्यापेक्षा फार तर एकशे त्रेपन्नानं लहान. शेवटचे तीन अंक तीनशे एकवीस आहेत. त्यांतून एवढे वजा केले तरी मागच्याकडून उसने घ्यावे लागत नाहीत. मग बदलतील ते शेवटचे तीनच अंक. आधीचे चौदा तसेच राहणार."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिने त्या चौदा अंकांची बेरीज केली, पंच्याहत्तर आली. तीनशे एकविसातून पंच्याहत्तर गेले, उरले दोनशे शेहेचाळीस. म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येचा प्रश्न, दोनशे शेहेचाळिसाचा जनक कोण, एवढ्यावर आला.

"तीन अंकांची बेरीज सत्तावीसच्या वर जात नाही. म्हणजे दोनशे एकोणिसापासून पुढंच बघायचं. अठ्ठावीसच आकडे आहेत. विषम तू कर, सम मी करते."

साफसफाई तशीच राहिली. फरशीवर डब्यांच्या गराड्यात बसून बापलेक आकडे तपासू लागलो. दोनशे पस्तीस आणि त्याचे दहा, दोनशे पंचेचाळीस, माझा हुकला. दोनशे छत्तीस आणि अकरा, दोनशे सत्तेचाळीस, तिचा हुकला. दोहोंच्या मधून दोनशे शेहेचाळीस निसटले, तेव्हा मला वाटले, झाले, स्वयंभूच. आणि मग मुक्ता ओरडली, "दोनशे चाळीस! दोन आणि चार सहा. दोनशे चाळीस नि सहा दोनशे शेहेचाळीस!"

उरलेलेही आम्ही तपासले. दुसरा कोणी नव्हता. एकच जनक: १२३४५६७८९८७६५४२४०.

मी ती संख्या आणि वरची संख्या पाहत राहिलो. पहिले चौदा अंक जसेच्या तसे. फरक काय तो शेवटच्या तीनांत. जनकाच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी, आणि त्याने ती देऊन टाकली तेव्हा ही संख्या झाली. तिच्याही अंकांची बेरीज एक्याऐंशीच. मात्र देणारा शेवटी शून्यावर संपतो, डावीकडून आणि उजवीकडून सारखा दिसत नाही, आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. सगळे कौतुक घेणाऱ्याच्या वाट्याला येते.

ओळी मोजून पाहण्याची, यमकाचा हिशेब ठेवण्याची, शब्द उलटा वाचून पाहण्याची मला खोड आहे. वृत्तांच्या मात्रा मी बोटांवर मोजतो तेव्हा मुले हसतात. ही खोड मला कविता वाचून लागली, असे मी समजत होतो.

कागद घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेलो. पाठोपाठ मुक्ता. मी रेडिओ बंद केला.

"अण्णा, तुमच्या वह्या..." मी म्हणालो आणि थांबलो. वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाला पुढचे वाक्य सापडेना. "त्या मी रद्दीत दिल्या. चाळ सोडताना. तुम्हाला मी ट्रंक आहे म्हणून सांगितलं, पण तिच्यात चादरी होत्या."

अण्णांनी मान माझ्याकडे न वळवता किंचित बाजूला वळवली. त्यांना तसेच थोडे दिसते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ट्रंक ओढली तेव्हाच कळलं. वह्यांचं वजन निराळं असतं."

मी काही बोललो नाही.

"काय भाव मिळाला?"

"बारा रुपये किलो."

"भरल्या किती?"

"साडेसात."

"नव्वद," अण्णा म्हणाले. "हिशेब चोख दिला त्यानं."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मुक्ता त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "आजोबा, एक पान राहिलंय. डेम्लोचं. त्याचा जनक आम्ही शोधला. शेवटी दोनशे चाळीस आहे."

अण्णांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ते हलले नाहीत. पण बोटे हलू लागली. "पडताळा घेतलास?"

"तुम्हीच घ्या."

"वाच."

ती एकेक अंक वाचू लागली आणि अण्णा तोंडाने बेरीज करू लागले. एक, तीन, सहा, दहा. गाडीत उभे राहून करीत तशीच, रामरक्षा म्हटल्यासारखी. छत्तीस. पंचेचाळीस. पंच्याहत्तर. सत्त्याहत्तर. "एक्याऐंशी," ते म्हणाले. "आता मिळव. दोनशे चाळीस आणि एक्याऐंशी. शून्य आणि एक?"

"एक," मुक्ता म्हणाली.

"चार आणि आठ?"

"बारा."

"बाराचे दोन खाली. आणि हातचा?"

मुक्ता बोलणार होती. पण अण्णांनी मान वळवली होती ती माझ्या बाजूला.

"हातचा एक," मी म्हणालो.